किटपासून प्रश्नपत्रिकेपर्यंत

शाळांमध्ये विज्ञान नीट का शिकवले जात नाही, असे विचारले की पहिले उत्तर ठरलेले असते: साहित्य नाही, प्रयोगशाळा नाही. 1972 साली मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 माध्यमिक शाळांत ‘होशंगाबाद विज्ञान’ सुरू झाले, तेव्हा त्याची सुरुवातही बरीचशी याच जाणिवेतून झाली. किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्था पुढे होत्या. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ त्यांच्या सोबतीला आले. सहावी ते आठवीच्या मुलांनी चौघाचौघांच्या टोळीत प्रयोग करायचे आणि त्यासाठी स्वस्त किट शाळेत असायचे, अशी ती मांडणी होती. पुण्यात टेल्कोत अभियंता असलेले अरविंद गुप्ता 1978 मध्ये तिथे गेले. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे जोडून मुले भूमितीच्या आकृत्या बनवू लागली, ती तिथेच.

पण साहित्य हाती आले, की पुढची अडचण दिसते.

पाने आणि मुळे यांचा पाठ घ्या. मुलांनी शिवारातून मुळांसकट रोपे उपटून आणायची, पानांच्या शिरा पाहायच्या आणि मुळे पाहायची. समांतर शिरांच्या पानांना तंतुमुळे, जाळीदार शिरांच्या पानांना सोटमूळ, हा संबंध पुस्तकाने सांगायचा नाही. तक्ता भरता भरता तो मुलांना दिसला पाहिजे. आता कुणी अळू आणला, तर? पानावर जाळी आणि खाली तंतुमुळे. नियम मोडला. अशा वेळी फळ्याजवळ उभ्या असलेल्या शिक्षकाला ‘मलाही माहीत नाही, बघू या’ असे म्हणता आले पाहिजे. ज्या व्यवस्थेत गुरुजींना सगळे माहीत असलेच पाहिजे, तिथे हे वाक्य फार जड जाते. म्हणून होशंगाबादमध्ये सगळ्यात जास्त शक्ती शिक्षकांवर खर्च झाली. प्रशिक्षणात शिक्षकांनी स्वतः प्रयोग करायचे, नंतर मासिक बैठकीत वर्गातल्या अडचणी मांडायच्या. मुलांच्या उरलेल्या प्रश्नांसाठी ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र होते. मुले त्याला पत्रे लिहीत आणि त्यांना उत्तरे मिळत. मला या सगळ्या प्रयोगातली ही कल्पना फार मोठी वाटते: मुलाचा प्रश्न टपालाने पाठवण्याइतका महत्त्वाचा मानला गेला.

तिसरी पायरी परीक्षेची. मूल वर्षभर प्रयोग करील आणि मार्चमध्ये व्याख्या लिहील, तर पालक, शिक्षक आणि मूल तिघेही व्याख्येकडेच वळणार. होशंगाबादमध्ये परीक्षेला पुस्तक आणि स्वतःची वही उघडून बसायला परवानगी होती, आणि लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिकही असे. पाठांतराची किंमतच उतरली.

याच सुमारास मुंबईत आणखी एक धागा हाती येत होता. 1974 मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने, वि. गो. कुलकर्णी यांच्या पुढाकाराने, जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्यात आणि मुंबईतल्या महापालिका शाळांत काम केले. वंचित घरांतली मुले विज्ञानात मागे पडतात त्यात पुस्तकाच्या भाषेचा मोठा वाटा आहे, हे तिथे ठळकपणे पुढे आले. मुलाला पानावरची जाळी दिसते, वाक्यातला ‘शिराविन्यास’ मात्र आडवा येतो.

होशंगाबादचा कार्यक्रम 1978 मध्ये जिल्हाभर पसरला. 1982 मध्ये एकलव्य संस्था उभी राहिली आणि पुढे तो अनेक जिल्ह्यांत गेला. 2002 साली सरकारने तो बंद केला. या निर्णयाचे मला आजही दुःख वाटते, कारण तो सरकारी शाळांत, सरकारी शिक्षकांच्या हातून चालला होता. हे फक्त निवडक शाळांतच जमते, ही सबब त्याने तीस वर्षे खोटी ठरवली होती.

बालभारतीच्या पुस्तकांत आता ‘करून पहा’च्या चौकटी आहेत, आणि त्या चांगल्या आहेत. प्रश्नपत्रिकेत मात्र अजून ‘व्याख्या लिहा’ आणि ‘शास्त्रीय कारणे लिहा’. सातवीच्या मुलाच्या हातात अनोळखी रोप द्यावे, पानावरून मुळांचा अंदाज लिहायला सांगावा, मग ते उपटून अंदाज का बरोबर आला किंवा का चुकला ते विचारावे. तपासायला वेळ लागेल, गुणांवरून शिक्षकांत वाद होतील. ते वाद केंद्रशाळेच्या बैठकीत व्हायला हवेत, आणि त्यासाठी शिक्षकांना इतर कामांतून मोकळे करावे लागेल.