शब्दाचा पहिला कर्ता

शब्द आणि अर्थ यांची पहिली गाठ कोणी मारली, हा प्रश्न आपल्याकडे केवळ व्याकरणाचा कधीच नव्हता. वेदांचे प्रामाण्य आणि ईश्वराचे कर्तृत्व या दोहोंचा निकाल त्यावर अवलंबून असल्यामुळे मीमांसक आणि नैयायिक शतकानुशतके या एका मुद्द्यावर झुंजत राहिले. हा संबंध संकेताने ठरतो आणि मूळ संकेत ईश्वरेच्छेचा, ही नैयायिकांची पुढे स्थिरावलेली भूमिका. उलट, मीमांसकांच्या जैमिनिसूत्रांचा भाष्यकार शबर याने संकेतवादावर घेतलेल्या हरकतीइतकी भेदक हरकत माझ्या वाचनात दुसरी नाही : 'या शब्दाचा हा अर्थ' असा ठराव करणाऱ्यास तो ठराव सांगण्यासाठी आणखी शब्द लागणारच, मग त्या शब्दांचे अर्थ कोणी ठरविले? मूल शिकते ते वडीलधाऱ्यांचा व्यवहार पाहून, आणि वडीलधारेही तसेच शिकलेले. या परंपरेचा आरंभ हाती लागत नाही, सबब संबंध नित्य.

मूल इतरांकडूनच भाषा शिकते, याची परीक्षाही आपल्याकडे होऊन गेली आहे. वाणी श्रवणातूनच येते, असे अकबर बादशहाचे मत होते. ते पडताळून पाहण्यासाठी त्याने काही तान्ही मुले, बोलण्याची सक्त मनाई असलेल्या दायांच्या हवाली करून, एका वेगळ्या वाड्यात वाढविली. १५८२ साली तो स्वतः त्या 'गुंग महाला'त गेला तेव्हा मुक्यांच्या आवाजाखेरीज काही कानी आले नाही, असे अकबरनाम्यात नमूद आहे. हा प्रयोग निर्दय होता. आणि परीक्षा केवळ कानांनी घेतली गेल्यामुळे तो अपुराही होता, असे मला वाटते.

कारण भाषेचा आरंभ कसा होतो, या ज्या प्रश्नाचे उत्तर त्या वाड्यात मिळाले नाही, ते मध्य अमेरिकेतील निकाराग्वा देशात, १९७०च्या दशकाच्या अखेरीस मानाग्वा शहरी कर्णबधिर मुलांची शाळा उघडली तेव्हा, कोणी मागितले नसतानाही मिळाले. शिक्षक ओठांच्या हालचालींवरून स्पॅनिश शिकवू पाहत होते व त्यात फारसे यश येत नव्हते. परंतु मधल्या सुटीत आणि बसमध्ये मुलांनी आपापल्या घरच्या खुणा एकत्र केल्या, आणि त्यांच्यामागून आलेल्या लहान मुलांनी त्या खुणांना व्याकरणाची अशी शिस्त लावली की १९८६ साली पाचारण केलेल्या ज्युडी केगल या भाषावैज्ञानिक बाईंपुढे एक नवी भाषाच उभी होती. तिचा ठराव कोणत्याही सभेत झाला नव्हता.

म्हणजे शबराची हरकत खरी, पण निष्कर्ष खरा नव्हे. कोणी एकाने बसून भाषा ठरविणे अशक्य आहे, हे त्याने अचूक ओळखले. परंतु कर्ता सापडत नाही म्हणून आरंभच नाही, असे होत नाही. वैयाकरण भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त तान्ह्या बालकाच्या ठायीही शब्दभावना, म्हणजे भाषेचे उपजत बीज, मानली, ती मला येथे अधिक जवळची वाटते. मात्र ती भावना फळास येण्यासाठी समोर दुसरे माणूस लागते, एवढी पुस्ती मी तिला जोडीन. ज्यांना या देणगीत ईश्वराचा हात दिसतो, त्यांच्याशी माझे भांडण नाही.

बहिऱ्या मुलांना मात्र हे दुसरे माणूस हातांच्या भाषेत भेटू दिले गेले नाही. १८८० साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने बहिऱ्यांच्या शिक्षणात खुणांपेक्षा मुखभाषेलाच श्रेष्ठ ठरविले, आणि त्यानंतर देशोदेशीच्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या मुलांचे हात आवरले गेले. आपल्या घरात कर्णबधिर मूल असेल तर ते बोलू लागण्याची वाट पाहत बसू नका. त्याच्याशी आजपासून हातांनी बोला आणि त्याला त्याच्यासारख्या मुलांत जाऊ द्या.