उसनी गती

जमिनीवर माणसाला आपल्या चालीचा केवढा अभिमान असतो! पाण्यात उतरला, की तो अभिमानही उतरतो. ज्या पायांनी गड चढले, बाजार पालथे घातले, तेच पाय पाण्यात दोन ओंडक्यांसारखे मागून फरफटत येतात. चार हात पुढे जावे तो श्वास संपत येतो, आणि बोटाएवढा मासा शेपटीच्या एका हेलकाव्यात आपल्याला मागे टाकून निघून जातो. पाण्यातली गती माणसाला जन्मतः फारशी मिळालेली नाही. त्याने ती मिळवली ती नेहमी काहीतरी घडवून. वल्हे घडवले, शीड घडवले, पायांत घालायचे रबरी पर घडवले. अशी घडवून मिळवलेली गती खरोखर आपली असते काय? आणि असते, तर कितपत?

प्रश्न जुनाच आहे. मला तो नव्याने पडला तो एका खेळामुळे. माझ्या वयाच्या बाईने हे सांगितले तर वाचकांना हसू येईल. खुशाल हसावे, दिवाळीच आहे. गेले वर्षभर मी संगणकावर एक खेळ खेळते आहे. त्याचे नाव 'सबनॉटिका'. 'अननोन वर्ल्ड्स' नावाच्या अमेरिकन मंडळींनी तो तयार केला आणि २०१८ साली तो पूर्ण रूपात लोकांपुढे आला. 'ऑरोरा' नावाचे एक प्रचंड अवकाशजहाज एका परक्या ग्रहावर कोसळते. ग्रह जवळजवळ सारा पाण्याने भरलेला. आपण एका लहानशा तरंगत्या कुपीत जिवंत उरतो, आणि तिथून पुढे त्या समुद्रात जगायचे. एवढीच कथा.

प्रारंभी आपल्याजवळ ४५ सेकंदांचा श्वास असतो. वाचताना ४५ सेकंद थोडे वाटत नाहीत. पण खाली जायचे, काही शोधायचे आणि वर यायचे, एवढे सगळे त्यात बसवायचे असते. चाल तर अशी मंद, की तळाशी चमकणारी वस्तू हाताशी यावी आणि तेवढ्यात छाती भरून यावी. पहिले काही दिवस मी त्या कुपीभोवती अंगणात फिरावे तशी फिरत होते. त्याच्या पलीकडे जग आहे, हे दिसत होते. पोहोचता येत नव्हते.

कुपीपासून थोड्या अंतरावर उंच शेवाळवेलींचे रान लागते. त्या वेलींना पिवळ्या उजेडाच्या बियांचे घोस लटकलेले असतात. एक घोस आणून कुपीतल्या घडणयंत्रात घातला, की दोन तुकडे रबर मिळते, आणि त्या दोन तुकड्यांचे होतात पायांत घालायचे पर. त्यांना फिन्स म्हणतात. ते घालून मी पहिल्यांदा पाण्यात शिरले तेव्हाचा आनंद अजून ताजा आहे. काल जी कपार माझ्या श्वासाच्या पलीकडे होती, ती आज अलीकडे आली होती. समुद्र तोच, श्वास तेवढाच. माझे पाय मात्र बदलले होते. मनात आले, ही गती माझी. मी शोधली, मी घडवली.

माझी धडपड पाहून भाच्याला दया आली असावी. तो म्हणाला, "आत्या, एवढा त्रास कशाला घेतेस? दुसऱ्या तऱ्हेने खेळ ना. तिथे श्वास संपत नाही, काही गोळा करावं लागत नाही. हवं ते वाहन मागायचं, की तयार."

"आणि त्या तऱ्हेला म्हणतात काय?"

"क्रिएटिव्ह."

जिथे काही मिळवावे लागत नाही, तिला सर्जनाचे नाव! मी तीही तऱ्हा खेळून पाहिली. अर्ध्या तासात सगळी वाहने माझ्या दारात उभी होती आणि मला कुठे जावे ते सुचत नव्हते. भाच्याला तिथे समुद्रतळावर सुंदर घरे बांधता येतात, त्याचे सुख मी नाकारीत नाही. पण गतीपुरते बोलायचे तर, जी फुकट आली ती मला कुठेच नेईना. म्हणजे पहिला निष्कर्ष हाती आला: जे श्रमाने मिळते तेच आपले. आपल्या घरोघरी वडीलधारी माणसे हेच तर सांगत आली आहेत.

मात्र मनाला पटलेली गोष्ट थोडी उलटी करून पाहण्याची मला खोड आहे. फिन्सनंतर मला हवे होते ते 'सीग्लाइड', म्हणजे हातात धरायचे आणि पोहणाऱ्याला ओढून नेणारे एक छोटे यंत्र. त्याला बॅटरी, तांब्याची तार, टायटेनियम आणि वंगण लागते. हे सगळे समुद्रात सापडते. गंमत अशी, की वंगणही त्याच शेवाळवेलीच्या बियांपासून निघते. ज्या बीने पाण्याला रेटण्यासाठी रबर दिले, तीच घर्षण कमी करायला तेल देते! पण हा सारा माल जमवूनही यंत्र होत नाही. कारण ते कसे करायचे हे ठाऊक नसते. त्यासाठी कोसळलेल्या जहाजाचे विखुरलेले अवशेष शोधावे लागतात. मोडक्या सीग्लाइडचे दोन तुकडे सापडले, ते नीट तपासले, की मग घडणयंत्राला त्याची कृती उमगते.

हे मोडके तुकडे कोणाचे? त्याच जहाजावरच्या माणसांचे. मी ज्याला 'माझा शोध' म्हणत होते, तो दुसऱ्याच्या अपघातातून उचललेला होता. पुढे तर त्या समुद्रात दहा वर्षांपूर्वी येऊन पडलेल्या आणखी कोणा प्रवाशांची ओस घरे लागतात. त्यांच्या टिपणांतून खोल पाण्याची वाट कळते. त्या ग्रहावर मी एकटी होते खरी, पण माझ्या हातांत कितीतरी हात होते. आणि ते पहिले पर? त्यांची कृती तर घडणयंत्रात आधीच भरलेली होती. ती कोणी भरली, हे मी विचारलेही नव्हते.

आपल्या पूर्वजांनी देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली. त्यांतल्या ऋषिऋणाचा अर्थ मला त्या मोडक्या यंत्रापाशी जास्त स्पष्ट कळला. आपल्या आधी ज्यांनी जाणले त्यांचे हे देणे. ते पैशांनी फिटत नाही. जाणलेले पुढे देऊनच फिटते. खऱ्या फिन्सचा इतिहासही हेच सांगतो. बेंजामिन फ्रँकलिन हा पुढे विजेच्या प्रयोगांनी गाजलेला माणूस. अठराव्या शतकाच्या आरंभी, लहान असताना, त्याने चित्रकाराच्या रंगपाटीसारख्या दोन लाकडी फळ्या केल्या, त्यांना अंगठ्यापुरते भोक पाडले आणि त्या हातांत धरून तो पोहला. वेग वाढला, पण मनगटे भरून आली. पायांसाठीही त्याने काही करून पाहिले, ते त्याच्या मनासारखे झाले नाही. मग लुई द कोर्ल्यू या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने १९३३ साली पायांत घालायच्या परांचे पेटंट घेतले. आज जो कोणी परांनी पाणी कापतो, त्याच्या पायांत या माणसांची खटपट आहे.

फ्रँकलिनची ती दुखरी मनगटे मला विशेष लक्षात राहिली, कारण गतीची किंमत त्यांत आहे. आमच्या खेळातही ती आहे. श्वास अधिक पुरावा म्हणून पाठीवर मोठी टाकी घेतली, की चाल मंदावते. फिन्सपुढे दोन सुधारणा असतात. एक जोड अधिक वेगाने नेतो. दुसऱ्याने वेग वाढत नाही, पण पोहता पोहता हातातल्या दिव्याची बॅटरी भरत राहते. दोन्ही एकदम घालता येत नाहीत, पाय दोनच! शिवाय वेगवान जोड करायचा तर जुने फिन्सच त्यात खर्ची पडतात. लवकर पोहोचायचे, की उजेड घेऊन जायचे, हा प्रश्न परग्रहापुरता नाही. आगगाडीच्या, मोटारीच्या, विमानाच्या बाबतीत आपण बहुधा पहिलाच जोड निवडत आलो. पुढे 'सीमॉथ' नावाची छोटी पाणबुडी मिळाल्यावर मीही तेच केले, आणि एक दिवस लक्षात आले, की ज्या शेवाळरानातली वेल न् वेल मला ठाऊक होती, ते आता केवळ वाटेत लागणारे हिरवे काहीतरी झाले आहे.

मग ही गती हवी तरी कशाला? बहुतेक खेळांत सामर्थ्य म्हणजे शस्त्र. इथे बंदूक नाही. खेळाचा मुख्य रचनाकार चार्ली क्लीव्हलँड याने त्याचे कारण जाहीरपणे सांगितले आहे. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत सँडी हूकच्या शाळेत गोळीबार होऊन २० मुले आणि ६ मोठी माणसे मारली गेली. त्यानंतर जगातल्या बंदुकांत आणखी भर घालणे त्याला नको वाटले. जवळ एक सुरी असते, मोठ्या जलचराला क्षणभर जागच्या जागी थिजवणारे एक यंत्रही मिळते. पण भल्यामोठ्या राक्षसी जलचरांपुढे खरा उपाय एकच, त्यांच्या सवयी ओळखाव्यात आणि वेळीच दूर व्हावे. पळ काढण्याला आपल्या भाषेत मान नाही. पण दुसऱ्याच्या घरात आपण आगंतुक असताना त्याला न मारता बाजूने निघून जाता यावे, एवढ्यासाठी मिळवलेल्या वेगाला मी भित्रेपणा म्हणणार नाही. साधनाचा चांगुलपणा ते कोणत्या कामासाठी घडवले त्यात असतो.

इथवर विचार आला आणि मला आमच्या सोसायटीतली एक सभा आठवली. पहिल्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहतात. पक्षाघातानंतर ते चाकांच्या खुर्चीत बसू लागले. खाली लिफ्टपासून फाटकापर्यंत पाच पायऱ्या. तिथे एक उतार बांधावा, एवढीच मागणी होती. एक सभासद म्हणाले, "ज्याने त्याने आपली सोय आपण करावी. आम्ही जे मिळवलं ते कष्टानं मिळवलं." गृहस्थ वाईट नव्हेत, त्यांचे कष्ट मला ठाऊक आहेत. म्हणूनच ते वाक्य मला बोचले. कारण खेळात मी काढलेला पहिला निष्कर्ष तोच होता: श्रमाने मिळते तेच आपले!

मग चूक कुठे आहे? मला वाटते, खेळ न्यायी आहे आणि जग तसे नाही, हे आपण विसरतो. खेळ रचणाऱ्याने शेवाळवेलीचे रान माझ्या श्वासाच्या टप्प्यात ठेवले होते. ते मैलभर दूर असते तर ४५ सेकंदांच्या श्वासावर मी कितीही कष्ट केले असते, तरी फिन्स मिळाले नसते. आणि काठावर बसलेला कोणी म्हणाला असता, बाई आळशी दिसते. कष्टांना फळ येण्यासाठी पहिले बी जवळ असावे लागते. आपले बी कोणी जवळ ठेवले, हे कष्टाळू माणसाला बहुधा दिसत नाही. त्याला आपले कष्टच तेवढे आठवतात.

आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांचे उदाहरण पाहा. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले, आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग इथल्या पॅरालिम्पिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक जिंकले. भारताचे हे पॅरालिम्पिकमधले पहिले सुवर्ण. त्यांची जिद्द त्यांचीच. तिच्यात कोणाचा वाटा सांगणे अन्याय होईल. पण जखमी माणसाला पुन्हा पाण्यात उतरवावे असे सुचणारे कोणी होते, उतरायला पाणी होते. त्यावाचून ती जिद्द पलंगावरच राहिली असती. जिद्दीलाही पाणी लागते.

उतार बांधला गेला. सभेत मते विभागली, वादही झाला, पण झाला. आज त्यावरून मास्तरांची खुर्ची जाते, तशाच बाळांच्या गाड्या जातात, बाजाराच्या पिशव्या ओढल्या जातात. विरोध करणारे गृहस्थही गुडघे दुखले, की त्यावरूनच येतात. कोणी काही बोलत नाही. बोलण्यासारखे काही नाहीच. ऋण असेच असते, आधी कोणाचे तरी म्हणून सुरू होते आणि मग सगळ्यांचे होते.

तेव्हा मी माझा पहिला निष्कर्ष टाकून देत नाही, त्याला फक्त त्याच्या जागी बसवते. श्रमावाचून मिळालेली गती कुठेच नेत नाही, हे खरे. तितकेच खरे हे, की श्रम करायलासुद्धा थोडी गती आधी हाती असावी लागते, आणि ती कोणालाच स्वतःची स्वतः मिळवता येत नाही. ती उसनीच असते. पहिले पर प्रत्येकाला त्याच्या श्वासाच्या टप्प्यात मिळावेत, ही जबाबदारी सगळ्यांची. दुसरे ज्याने त्याने खोल पाण्यात जाऊन खुशाल शोधावेत. आणि ज्याला ते सापडतील त्याने परतताना एक बी उथळ पाण्यात टाकून यावी. पुढच्याचा श्वास किती आहे, हे त्याला कुठे ठाऊक असते?