तोच सिनेमा पुन्हा पाहताना



मागे एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही घरी आलो, तर टीव्हीवर 'माहेरची साडी' लागला होता. १९९१ साली आलेला, विजय कोंडके यांचा हा सिनेमा. ज्यांनी चाळिशी ओलांडली आहे त्यांना त्याच्याविषयी वेगळे काही सांगायला नको. अलका कुबल यांची ती सोशिक सून आणि उषा नाडकर्णी यांची ती खाष्ट सासू आपल्या बायाबापड्यांना जशी पाठ आहे, तसे दुसरे फार थोडे काही पाठ असेल. माझी पत्नी नेहमीप्रमाणे पदर डोळ्यांशी नेऊन बसली. सूनबाई मात्र अर्ध्या तासात उठली आणि म्हणाली, "आई, इतका अन्याय मुकाट्याने सोसायचा आणि त्याला चांगुलपणा म्हणायचं? मला तर राग येतो बघताना."

मला दोघींचेही पटत होते, आणि त्याच वेळी माझ्या मनात एक तिसरीच गोष्ट चालली होती. तिच्याविषयी पुढे सांगतो. आधी सगळ्यांना पडणारा एक साधा प्रश्न घेऊ. जो सिनेमा किंवा जी मालिका तरुणपणी आपल्याला अतिशय आवडली, ती आज पाहवत नाही किंवा अगदी वेगळीच वाटते. मग चूक कोणाची? तेव्हा आवडली ती आवड खोटी होती, की आज आवडत नाही ही आपली नजर बिघडली?

आपण सहसा तीन उत्तरे देतो. पहिले, सिनेमा जुना झाला. दुसरे, आपण शहाणे झालो. तिसरे, सिनेमा खरे तर कधीच आवडला नव्हता, ते दिवस आवडले होते. तिन्हींत थोडे थोडे तथ्य आहे. पण तिन्ही उत्तरे आपल्याला सोयीची आहेत, कारण त्यांपैकी कोणतेही उत्तर दिले की पुढे आपल्याला काही करावे लागत नाही.

'रामायण' मालिकेचेच पाहा. १९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर रामानंद सागर यांची ही मालिका सुरू झाली आणि पुढच्या वर्षीच्या जुलैपर्यंत चालली. रविवारी सकाळी साडेनऊची वेळ. तेव्हा आमच्या गावात मोजून दोन टीव्ही, आणि वीज गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून जोडायची. सगळ्या जातिधर्मांची माणसे एकाच ओसरीत दाटीवाटीने बसत. आम्हा ख्रिस्ती पोरांची मोठी पंचाईत व्हायची, कारण प्रवचन लांबले की आमचे लक्ष वेदीवरून घड्याळाकडे जायचे. मी तेव्हा पंचविशीत होतो. मला ओढ लागलेली असे ती युद्धाची. बाण हवेत एकमेकांना कधी भिडतात याची वाट पाहत आठवडा काढायचा.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि २८ तारखेपासून दूरदर्शनने तीच मालिका पुन्हा दाखवली. नातू माझ्याजवळ बसला होता. तो म्हणाला, "आजोबा, हा बाण पोहोचायला किती वेळ लागतो!" मलाही त्या बाणांचे हसू आले. पण मुलाला वनात पाठवून दशरथ राजा तळमळू लागला तेव्हा मला पुढचे नीट दिसेना. माझा धाकटा मुलगा त्या दिवसांत पुण्यात अडकून पडला होता. १९८७ साली हा बाप माझ्यासमोर होताच, तो मला दिसला नव्हता इतकेच.

'अशी ही बनवाबनवी' हा १९८८ चा सिनेमा. तो आमच्या घरात आजही तिन्ही पिढ्या हसत पाहतात. राहायला खोली मिळावी म्हणून चार मित्रांपैकी दोघे बायकांचे सोंग घेतात, हे पाहून मी तेव्हा पोट धरून हसलो होतो. आजही हसतो. पण माझा मोठा मुलगा नोकरीसाठी जालन्याहून पुण्याला गेला, तेव्हा त्याला आडनाव विचारून, धर्म विचारून, काय खाता-पिता ते विचारून दोन-तीन ठिकाणी नकार मिळाले होते. तेव्हापासून त्या सोंगामागची त्या पोरांची अडचण मला दिसू लागली आहे. खोलीसाठी माणसाला आपण जे नाही ते बनावे लागते, ही काही फक्त हसण्याची गोष्ट नव्हे. सिनेमा चांगला आहे म्हणूनच त्यात हसू टिकले आणि हेही सापडले.

तिसरे उदाहरण आपल्या घरचे. १९७८ मध्ये तेलुगूत 'करुणामयुडू' नावाचा प्रभू येशूच्या जीवनावरील सिनेमा निघाला. दिग्दर्शक ए. भीमसिंग, आणि विजयचंदर हे येशूच्या भूमिकेत. हिंदीत तो 'दया सागर' म्हणून आला आणि प्रोजेक्टर घेऊन गावोगाव दाखवला गेला. माझ्या तरुणपणी उपवासकाळात आवारात पांढरा कपडा ताणून बांधत, आणि मागच्या बाजूला बसणाऱ्यांना चित्र उलटे दिसे, तरी तेही हलत नसत. क्रुसाचा प्रसंग आला की मी डोळे मिटून घ्यायचो. मिटायच्या आधी नजर असायची ती फक्त प्रभूवर आणि त्या चाबकावर. अलीकडे तो सिनेमा पुन्हा पाहिला. आता माझी नजर रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या गर्दीवर गेली. त्यात रडणारे थोडे, ओरडणारे थोडे आणि नुसते बघणारे पुष्कळ.

या तिन्ही अनुभवांत मला एक सारखेपणा दिसतो. तरुणपणी आपण मधल्या माणसाकडे पाहतो आणि स्वतःला त्याच्या जागी बसवतो. वय वाढले की नजर कडेला सरकते, बापाकडे, घरमालकाच्या दारात उभ्या असलेल्याकडे, गर्दीकडे. उधळ्या पुत्राचा दाखला आपण किती वेळा ऐकला आहे! लहान असताना आपण पळून गेलेल्या धाकट्याबरोबर असतो. घरचा भार खांद्यावर आला की शेतात राबणाऱ्या थोरल्याचा राग आपल्याला रास्त वाटू लागतो. आणि मुले दूर गेली की वाटेकडे डोळे लावून बसलेला बाप आपलाच होतो. म्हणून पहिले ऐकणे खोटे ठरत नाही. ते अपुरे होते, आणि आजचेही कदाचित अपुरेच असेल. जो मनुष्य आपल्या कालच्या आवडीला हसतो, त्याने उद्या आपल्या आजच्या मतालाही कोणी हसेल हे ध्यानात ठेवावे.

आता ती राहिलेली गोष्ट सांगतो.

१९९१ साली आमच्या लग्नाला तीन वर्षे झाली होती. कापसाचे पैसे हाती आले म्हणून मी पत्नीला घेऊन एसटीने जालन्याला गेलो. मोंढ्यात काम होते, आणि त्यानंतर 'माहेरची साडी'. थिएटरात हुंदक्यांशिवाय दुसरे काही ऐकू येत नव्हते. लपवून काय करू, माझेही डोळे भरून आले होते. त्या सुनेवर होणारा अन्याय मला सहन होत नव्हता. परतीची गाडी उशिरा मिळाली, आणि आम्ही घरी पोहोचलो तेव्हा चूल थंड होती. माझ्या आईने पत्नीला दारातच धरले. तिच्या माहेरापासून तिच्या चालण्यापर्यंत सगळे काढले. मी पायरीवर बसून चपला काढत होतो आणि चपला काढायला मला फार वेळ लागला. तासाभरापूर्वी पडद्यावरच्या सुनेसाठी रडलेला मी माझ्या घरच्या सुनेसाठी एक शब्द बोललो नाही. त्या रात्री नाही, आणि पुढेही बरीच वर्षे नाही. माझी आई वाईट नव्हती. तिनेही तिच्या सासूकडून तेच ऐकले होते. मी मध्ये बोललो असतो तर कदाचित तिलाही थांबायला निमित्त मिळाले असते.

संत ऑगस्टीन तरुणपणी कार्थेज शहरात शिकत होते, तेव्हा त्यांना दुःखी नाटकांचे अतिशय वेड होते. पुढे चौथ्या शतकाच्या अखेरीस आपले आत्मनिवेदन लिहिताना त्यांनी त्या वेडाकडे वळून पाहिले. जे दुःख स्वतःच्या वाट्याला येऊ नये असे माणसाला वाटते, तेच रंगमंचावर पाहून रडण्यात त्याला सुख का वाटावे, असे त्यांनी विचारले. आणि ही कसली दया, जिथे प्रेक्षकाला दुःखिताच्या मदतीला धावून जायचेच नसते, फक्त हळहळायचे असते? सोळाशे वर्षांपूर्वीचा हा प्रश्न, पण वाचताना मला मी पायरीवर चपला काढत बसलेला दिसलो. पडद्यावरच्या दुःखासाठी रडलो म्हणून आपण दयाळू आहोत, असे मी समजत आलो होतो. त्या रडण्याने माझे मन हलके झाले, पत्नीचे ओझे मात्र तसेच राहिले.

मग अशा सिनेमांवर काट मारावी का? सूनबाईचे म्हणणे साधारण तसेच होते आणि तिचा राग योग्य आहे. सोसणे हाच स्त्रीचा धर्म असे कोणी शिकवत असेल, मग ते सिनेमात असो की घरात, तर ते शिकवणे चूक आहे. पण त्या दिवशी माझ्या पत्नीने तिला जे उत्तर दिले ते मी विसरणार नाही. ती म्हणाली, "अगं, आम्हाला घरात रडायला जागा नव्हती. रडलं की विचारायचे, काय झालं तुला, काय कमी आहे? थेटरात अंधार होता, आणि सगळ्याच रडत होत्या. तिथं कोणी विचारत नव्हतं."

सूनबाई काही बोलली नाही. ती परत येऊन सासूजवळ बसली.

तेहतीस-चौतीस वर्षे मी समजत होतो की माझी पत्नी त्या सिनेमातल्या बाईसाठी रडते. दुसऱ्याच्या आवडीला आपण किती पटकन नावे ठेवतो! भडक आहे, रडका आहे, जुनाट आहे म्हणतो. त्या माणसाला त्यातून काय मिळत होते हे विचारायचे राहून जाते. आपली आवड बदलली म्हणजे आपण पुढे गेलो असे नसते. कधी कधी इतकेच झालेले असते की आपली गरज बदलली आणि दुसऱ्याची अजून तीच आहे.

आणखी एक. आवड बदलते हे खरे, पण सगळेच काही आवड नसते. हल्ली नात्यांबद्दलही तीच भाषा कानी येते, 'आता पूर्वीसारखे वाटत नाही.' सिनेमा पूर्वीसारखा वाटला नाही तर टीव्ही बंद करता येतो. माणसाच्या बाबतीत, वेदीसमोर दिलेल्या शब्दाच्या बाबतीत, पूर्वीसारखे न वाटणे हे कदाचित पुन्हा नीट पाहण्याचे बोलावणे असेल. मी माझ्या पत्नीकडे त्या रविवारी पुन्हा पाहिले, इतकेच म्हणतो.

रात्री जेवणे झाल्यावर मी तिला ती १९९१ ची रात्र आठवते का असे विचारले. तिला सगळे आठवत होते, कोणती भाजी करायची राहिली होती तेसुद्धा. मी म्हणालो, "माझं चुकलं. मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अहो, मला वाटलं होतं तुम्हाला ते दिसलंच नाही." मला दिसले होते. तेही मी तिला सांगितले, आणि ते सांगणे माफी मागण्यापेक्षा कठीण गेले.

बंधुभगिनींनो, या आठवड्यात एखादा जुना, तुमच्या आवडीचा सिनेमा घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहावा. मुलांना कंटाळा आला तर येऊ द्या, ते हसले तर हसू द्या. शेवटी एकमेकांना एवढेच विचारा की तेव्हा तुम्हाला यात काय दिसले होते आणि आज काय दिसते. वडीलधाऱ्यांना आधी बोलू द्या. आणि ऐकताना आपली आठवण झाली, तर ती टाळू नका.