दुखापतीची हमी आणि दिलेला शब्द

दिलेला शब्द दोन प्रकारे पाळता येतो. प्रसंग आल्यावर त्याप्रमाणे वागणे हा एक प्रकार; आणि तो प्रसंगच येऊ नये अशी आधीपासून तजवीज करून ठेवणे हा दुसरा. दुसऱ्या प्रकारे वागणाऱ्याने वचन मोडले असे आपल्याला म्हणता येत नाही. तरीही त्याच्या वागण्याने मनात एक सल राहतो. हा सल निव्वळ भावनेचा आहे, की त्यामागे काही नैतिक तत्त्व आहे? या प्रश्नाचा विचार करण्यास अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलमधील एक प्रथा उपयोगी पडेल.

हा फुटबॉल म्हणजे आपल्या मैदानांवर पायाने खेळला जाणारा खेळ नव्हे. डोक्यावर शिरस्त्राण व खांद्यांवर जाड कवचे चढवून, अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावण्याचा व फेकण्याचा हा खेळ आहे. प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर धावून जाऊन त्याला जमिनीवर पाडणे, हे त्याच्या नियमांतच बसते. साहजिकच दुखापत ही येथे अपवादात्मक घटना नसून व्यवसायाचा नित्याचा धोका आहे. ‘नॅशनल फुटबॉल लीग’मध्ये ३२ संघ आहेत. त्यांच्या खेळाडूंच्या करारांतील मोठमोठे आकडे वृत्तपत्रांत झळकतात. परंतु त्यांतील बरीचशी रक्कम प्रत्यक्षात हाती पडेलच असे नसते. अमेरिकेतील बेसबॉल व बास्केटबॉलमध्ये कराराची रक्कम बहुधा पूर्णपणे सुरक्षित असते. फुटबॉलमध्ये मात्र, खेळ समाधानकारक नाही असे ठरवून संघ खेळाडूला मुक्त करू शकतो, आणि मग पुढील वर्षांचे हमी नसलेले वेतन बुडते. खेळताना जायबंदी झालेल्या खेळाडूला त्या हंगामाचे वेतन मिळते; पण त्यापुढे काय? या काळजीतून करारात ‘दुखापतीची हमी’ हे कलम आले. खेळताना झालेल्या दुखापतीमुळे तुम्ही पुढील हंगामात खेळण्यास असमर्थ ठरलात, तरी त्या हंगामाची अमुक रक्कम तुम्हाला दिली जाईल, असे ते आश्वासन असते.

हे कलम न्याय्य आहे, याविषयी दुमत नसावे. जो दुसऱ्याच्या लाभासाठी आपले शरीर धोक्यात घालतो, त्याच्या शरीराची हानी त्याने एकट्याने सोसू नये, एवढेच त्यात म्हटले आहे. परंतु व्यवहारात या कलमाने एक विलक्षण वळण घेतले.

रॉबर्ट ग्रिफिन हा वॉशिंग्टन संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हाती असलेला खेळाडू. २०१२ सालच्या नवोदितांमध्ये तो सर्वोत्कृष्ट ठरला. त्या डिसेंबरात त्याचा गुडघा दुखावला. तरीही जानेवारी २०१३ मधील बाद फेरीच्या सामन्यात गुडघ्याला आधारपट्टा बांधून तो खेळत राहिला, आणि अखेरीस मैदानावरच कोसळला. लिगामेंट फाटल्यामुळे शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच्या पहिल्या कराराची रक्कम पूर्णपणे सुरक्षित होती. तो धडधाकट राहो वा जायबंदी होवो, संघाला तेवढेच पैसे द्यावयाचे होते. पुढे २०१५ साली संघाने त्याच्या कराराचे एक वर्ष वाढविले. २०१६ च्या हंगामासाठी सुमारे १ कोटी ६० लाख डॉलर ठरले. मात्र त्यांची हमी केवळ दुखापतीपुरती होती. त्या २०१५ च्या हंगामात ग्रिफिन एकाही सामन्यात उतरला नाही. त्याच्या जागी आलेला खेळाडू चांगला खेळला, हे खरे आणि तेही नोंदविले पाहिजे. तथापि राखीव म्हणूनही त्याला क्वचितच सज्ज ठेवले गेले. मार्च २०१६ मध्ये संघाने त्याला मुक्त केले.

पुढे असे प्रसंग वारंवार घडले. लास वेगासच्या संघाने आपला नऊ हंगामांचा क्वार्टरबॅक डेरेक कार याला २०२२ च्या हंगामातील शेवटच्या दोन सामन्यांपासून दूर ठेवले. दुखापत झाली असती, तर सुमारे ४ कोटी डॉलरचे देणे संघाच्या अंगावर आले असते. १५ फेब्रुवारी २०२३ रोजी ती रक्कम पूर्णपणे सुरक्षित होणार होती. १४ फेब्रुवारीला त्याला मुक्त करण्यात आले. डिसेंबर २०२३ मध्ये डेन्व्हर संघाने रसेल विल्सनला शेवटच्या दोन सामन्यांसाठी बसविले, तेव्हा बाद फेरीत पोहोचण्याची संघाची आशा पुरती मावळलेली नव्हती. त्याच्या करारातील ३ कोटी ७० लाख डॉलरची दुखापतीची हमी पुढे ढकलण्यास त्याने संमती दिली नाही, तर त्याला बसविले जाईल असे हंगामाच्या मध्यासच सांगण्यात आले होते, असे विल्सनने जाहीरपणे म्हटले. निर्णय खेळाच्या दृष्टीने घेतला, अशी प्रशिक्षकांची भूमिका होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सच्या डॅनियल जोन्सच्या बाबतीतही, २ कोटी ३० लाख डॉलरच्या अशाच हमीची चर्चा झाली.

या संघांनी कोणते वचन मोडले? कायद्याच्या भाषेत, एकही नाही. दुखापत झाल्यास पैसे देऊ, असे ते म्हणाले होते. दुखापत झालीच नाही. त्या हंगामाचे वेतन खेळाडूला मिळाले आणि त्याचे शरीरही शाबूत राहिले. शिवाय प्रत्येक संघाला खेळाडूंवरील खर्चाची ठरावीक मर्यादा पाळावी लागते. एकावर अनपेक्षित भार पडला, तर इतर खेळाडूंचा वाटा कमी होतो. संघाने सावध का राहू नये? हा युक्तिवाद क्षुल्लक नाही.

पण या सावधगिरीचे स्वरूप नीट पाहू या. संघाला दुखापतीची भीती वाटत असती, तर हमी असो वा नसो, ती सारखीच वाटली असती. ग्रिफिनची दोन वर्षे शेजारी ठेवून पाहावीत. ज्या वर्षी दुखापतीने खर्चात काहीच भर पडणार नव्हती, त्या वर्षी दुखावलेला गुडघा मैदानावर राहिला. ज्या वर्षी भर पडणार होती, त्या वर्षी धडधाकट माणूस मैदानाबाहेर राहिला. संघाच्या मनात काय होते, याचा निवाडा आपण करू नये. परंतु असा विचार करून कोणी वागत असेल, तर त्याची भीती माणसाला होणाऱ्या इजेची नव्हे, त्या इजेचे मोल स्वतःला द्यावे लागण्याची आहे. हमीचे कलम काढून टाका, आणि तोच संघ त्याच माणसाला त्याच धोक्यात निःसंकोच पाठवील. येथे आपल्या मनातील सलाचे मूळ सापडते. खेळाडूपेक्षा दुसरा सरस आहे म्हणून त्याला बसविणे, हा त्याच्या कामाविषयीचा निर्णय आहे. तो जायबंदी होईल व पैसे द्यावे लागतील म्हणून बसविणे म्हणजे, त्याच्या रक्षणासाठी दिलेला शब्दच त्याच्याविरुद्ध वापरणे होय.

कोट्यधीश खेळाडूंविषयी एवढी कणव कशाला, असे काही वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. येथे कोणी उपाशी राहिलेले नाही. पण हीच रीत लहान आकड्यांतही चालते. आपल्याकडे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार वर्षभरात २४० दिवस काम भरले, की कामगाराला नोकरीचे काही संरक्षण मिळत असे. म्हणून हे दिवस भरण्यापूर्वीच कामात खंड पाडण्याची युक्ती अनेक मालकांनी अवलंबिली, हे कामगारवस्तीतील कोणत्याही घराला सांगावे लागणार नाही. प्रसूती रजेचा काळ २०१७ साली १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाला. त्या रजेचे वेतन बहुतेक ठिकाणी मालकालाच द्यावे लागत असल्याने, तरुण विवाहितेला कामावर घेताना काही मालक कचरू लागले. ज्याला संरक्षण द्यावयाचे, तोच माणूस संरक्षणामुळे महाग ठरतो आणि दाराबाहेर राहतो. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात वेतनाविषयी एक मूलभूत विचार मांडला होता: दोन्ही पक्षांनी मोकळेपणाने मान्य केला, एवढ्यानेच करार न्याय्य ठरत नाही, कोणत्याही करारापेक्षा जुना व श्रेष्ठ असा नैसर्गिक न्याय असतो. दुखापतीच्या हमीचा प्रश्नही अखेर तेथेच येऊन पोहोचतो.

याच खेळातील आणखी एक घटना सांगण्यासारखी आहे. २ जानेवारी २०२३ रोजी सिनसिनाटी येथील सामन्यात बफेलो संघाचा २४ वर्षांचा डमार हॅमलिन एका धडकेनंतर कोसळला. त्याचे हृदय बंद पडले होते. मैदानावरच उपचार करून ते पुन्हा सुरू करण्यात आले. त्याचा करार नामांकित खेळाडूंसारखा नव्हता. जायबंदी खेळाडूंच्या यादीत नाव गेल्यास वेतन कमी होईल, असे उलट कलम त्यात होते. नवख्या खेळाडूंच्या करारांत अशी कलमे असतात. करारावर बोट ठेवून त्याचे वेतन कापता आले असते. संघ व लीग यांनी मिळून ते पूर्ण दिले. पुढे तो बरा होऊन पुन्हा खेळू लागला. सारा देश पाहत होता म्हणून हे झाले, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्यही असेल. तरीही एक गोष्ट त्यातून सिद्ध होते: कराराच्या अक्षरापलीकडे जाणे या व्यवसायात अशक्य नाही.

मग दुखापतीची हमी देऊच नये काय? तसे मुळीच नाही. धोक्याचा भार एकाच मालकाच्या माथी न येता सर्वांत विभागला गेला, तर त्या माणसाला टाळण्याचा मोह कमी होईल. विम्याची व सामायिक निधीची कल्पना त्यासाठीच आहे. परंतु व्यवस्था कितीही सुधारली, तरी एक प्रश्न हमी देणाऱ्याच्या विवेकबुद्धीलाच सोडवावा लागतो. शेतात, होडीवर, कारखान्यात किंवा घरकामाला ज्याने दुसऱ्याला ठेवले आहे, त्या प्रत्येकाने तो स्वतःला विचारावा: या माणसाला काही होऊ नये असे मला वाटते, ते त्याच्यासाठी की माझ्यासाठी? आणि उत्तर ‘माझ्यासाठी’ असे येत असेल, तर दिलेला शब्द कागदावर पाळला गेला, यावर समाधान मानून थांबू नये.