बाई कोपऱ्यातच हवी

एका कथेसाठी मला चित्र करायचं होतं. लग्नघराच्या मागच्या अंगणात एक बाई दिवसभर भांडी घासते आणि कुणाचंही तिच्याकडे लक्ष जात नाही, एवढीच कथा. हाताशी वेळ कमी होता, म्हणून वर्णन एआयला दिलं. मिनिटभरात चार चित्रं आली. चारही देखणी. आणि चारही चित्रांत बाई मधोमध, चेहऱ्यावर सोनेरी उजेड.

रचनेचे नियम पाहिले तर चूक एकही नव्हती. तोल होता, खोली होती, नजर बरोबर चेहऱ्यावर जात होती. पण कथा खोटी पडली होती.

होकुसाईचं लाटेचं चित्र आठवा. १८३१च्या सुमाराचं. चित्रमालिका फुजी पर्वताची आणि या चित्रात फुजी मात्र दूर, इवलासा. लाट आभाळभर, खाली होड्यांत अंग चोरून बसलेले नावाडी. कुणाला किती जागा द्यायची, हे होकुसाईने ठरवलं. रचना म्हणजे शेवटी हेच: कोण महत्त्वाचं, याचा निवाडा.

यंत्रानेही चित्रं काढणं नवं नाही. हॅरल्ड कोहेन या चित्रकाराने १९७०च्या दशकात ‘ॲरन’ नावाचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. ॲरनला काढलेली रेघ खोडता येत नसे, म्हणून पुढची आकृती आधी आणि मागची नंतर, असा नियम कोहेनने त्याला दिला. ‘हे इथेच का?’ असं विचारलं, तर उत्तर द्यायला एक माणूस होता. आजची साधनं असंख्य चित्रांवरून शिकतात. बाईला मधोमध ठेवायचं, हे कुणी एकाने ठरवलेलं नसतं. त्यामुळे जाब कुणाला विचारणार?

मलाच. कारण चारांपैकी एक चित्र मी जवळजवळ पाठवलंच होतं.

मग चित्र हाताने काढलं. मधोमध मांडव, माणसं, झगमगाट. उजव्या कोपऱ्यात भांड्यांचा ढीग आणि पाठमोरी बाई. संपादक म्हणाले, “मोबाइलवर ती दिसणारच नाही हो.” खरंच होतं. त्या पडद्यावर ती तांदळाच्या दाण्याएवढी दिसते. अंगठा पुढे सरकला, की गेली.

तरी मी ती हलवली नाही. तिला मधे आणलं असतं, तर ती सगळ्यांना दिसली असती आणि लग्नघरातल्या लोकांसारखेच आपणही तिला न बघता पुढे जातो, हे कुणालाच कळलं नसतं.