आधी मागचा पोर्ट बघ

चि. भाचीस,


पुढच्या यूएसबी पोर्टला पेनड्राइव्ह लावला की त्याचा दिवा लागतो, पण स्क्रीनवर काहीच येत नाही, आणि दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला. एवढ्यावरून बोर्ड बदलायला होकार देऊ नकोस. तुझ्या सांगण्यातच अर्धं उत्तर आहे. यूएसबी २.० पोर्टच्या आत चार पट्ट्या असतात. कडेच्या दोन विजेच्या, मधल्या दोन माहितीच्या. पेनड्राइव्हच्या टोकावर विजेच्या पट्ट्या मुद्दाम लांब ठेवलेल्या असतात, म्हणजे वीज आधी पोचते. टोक नीट आत बसलं नाही किंवा मधल्या पट्ट्या मळल्या, की असंच होतं: दिवा लागतो, माहिती जात नाही.

तोच पेनड्राइव्ह आता कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लाव. मागचे पोर्ट थेट बोर्डवर सोल्डर केलेले असतात. पुढचे एका बारीक वायरीने बोर्डवरच्या नऊ पिनांशी जोडलेले असतात. मागे चालला तर बोर्ड बहुतेक शाबूत आहे, असं समज. मग दुसरं काहीही करण्याआधी तुझ्या प्रबंधाची प्रत त्यावर उतरवून घे. हे मी कळकळीनं सांगतोय. मागेही चालला नाही, तर तो दुसऱ्या संगणकाला लावून पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि काय झालं ते वहीत लिही. तीन गोष्टी एकदम बदलल्यास, तर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही.

पोर्टेबल हार्डडिस्क पुढच्या पोर्टला नुसती टिकटिकत असेल, तर घाबरू नकोस. यूएसबी २.० चा पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलिअँपियरच देतो. डिस्कला फिरायला सुरुवात करताना त्याहून जास्त लागू शकतं. पुढे मधे ती बारीक वायरही असते, म्हणून डिस्क मागेच लावत जा.

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबीच्या यादीत पिवळं उद्गारचिन्ह दिसलं, तर ती नोंद काढून संगणक पुन्हा सुरू करतात. पण तुझा कीबोर्ड आणि माऊस दोन्ही यूएसबीचेच आहेत. सगळ्या नोंदी काढल्यास, तर दोन्ही जागीच बंद पडतील. म्हणून फक्त चिन्ह असलेलीच नोंद काढ.

आता सफाई. तुमच्या कोकणात चार महिने हवेत पाणीच असतं. पट्ट्यांवर हिरवट थर धरतो. पॉवरची वायर भिंतीतून काढ, चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धर, मग टॉर्चनं आत पाहा. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ ब्रशनं हलकेच पूस आणि पूर्ण वाळू दे. सुई, टाचणी आत घालायची नाही. पट्टी वाकली की पोर्ट कायमचा गेला.

तरीही चाललं नाही तर पॉवरची वायर पुन्हा काढून कॅबिनेट उघड. आधी त्याच्या उघड्या धातूला हात लाव, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल. पुढून आलेली वायर बोर्डवर कुठं शिरते त्याचा फोटो काढ, मग ती उपसून त्याच जागी घट्ट बसव. जागा मात्र तीच हवी. जुन्या बोर्डांवर शेजारी फायरवायरचा तसाच दिसणारा कनेक्टर असतो आणि त्यात १२ व्होल्ट असतात. मी एकदा घाईत तिथं वायर बसवली आणि एका माणसाचा पेनड्राइव्ह जळाला. त्यात त्याच्या मुलीच्या लग्नाचे फोटो होते. दुसरी प्रत नव्हती. त्याचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही.

इतकं करूनही पुढचे पोर्ट मेलेलेच राहिले, तर बोर्डवर मोकळा स्लॉट शोध. यूएसबीचं वेगळं कार्ड त्यात बसतं आणि ते बोर्डच्या मानानं फार स्वस्त पडतं. स्लॉट जुना लांब पीसीआय आहे की आखूड पीसीआय एक्सप्रेस, त्यावर कोणतं कार्ड घ्यायचं ते ठरेल. वायर काढण्याआधीचा तो फोटो आणि स्लॉटचा फोटो मला पाठव, मग मी सांगतो.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा