दोष ठाऊक असणाऱ्याची जबाबदारी

नमाज, रोजा, जकात आणि हज यांविषयी आपण वारंवार वाचतो व ऐकतो. बाजारातील व्यवहारांविषयी मात्र आपल्या प्रवचनांत आणि घरातील चर्चेत क्वचितच बोलले जाते. वास्तविक कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत (सूरह अल-बकरा, 282) ही देण्याघेण्याच्या व्यवहाराविषयीच आहे. लिहून ठेवणे, साक्षीदार घेणे आणि हक्कात कसूर न करणे या गोष्टी तिच्यात तपशीलाने सांगितल्या आहेत. ज्या ग्रंथाने बाजाराला एवढे स्थान दिले, त्याच्या अनुयायांचा सौदा कसा असावा, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

नंदुरबार जिल्ह्यातील पुरुषोत्तमनगरचे उदाहरण घेऊ. शहादा तालुक्यातील हे गाव सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखान्यामुळे ओळखले जाते. गळीत हंगाम सुरू झाला की उसाने भरलेली वाहने कारखान्याच्या वजनकाट्याकडे रांगा लावतात. याच परिसरातून केळी, पपई व मिरची दूरच्या बाजारपेठांकडे जाते. अशा ठिकाणी दुसऱ्याच्या गाडीवर दहा-बारा वर्षे चालक म्हणून राबलेल्या माणसाच्या मनात आपलीही एक गाडी असावी अशी इच्छा असणे स्वाभाविक आहे. नवा ट्रक त्याच्या आवाक्याबाहेर असतो, म्हणून तो जुना पाहतो. घरची बचत, पत्नीचे दागिने आणि नातेवाइकांकडून घेतलेली उसनवारी असे सर्व काही एका सौद्यात ओतून तो ‘चालक-मालक’ होतो.

आता त्या सौद्याकडे पाहा. गाडीला नवा रंग दिलेला असतो. चॅसीला तडा गेल्यावर केलेली वेल्डिंग त्या रंगाखाली झाकली जाते. इंजिनाचा आवाज दबावा म्हणून घट्ट तेल घातलेले असते. सकाळी थंड इंजिन सुरू होताना निघणारा निळा धूर दिसू नये म्हणून ग्राहक येण्यापूर्वीच गाडी गरम करून ठेवतात. मीटर मागे फिरवलेले असते. हे सर्व विक्रेत्याला ठाऊक असते, त्याच्या जुन्या चालकाला ठाऊक असते, गॅरेजमधील मिस्त्रीला ठाऊक असते आणि पुष्कळदा दलालालाही ठाऊक असते. ठाऊक नसते ते फक्त पैसे मोजणाऱ्याला.

विक्रेत्याचे कर्तव्य

मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने धान्य भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असा प्रश्न प्रेषितांनी (स.) त्याला केला आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे, असे बजावले. सहीह मुस्लिममध्ये ही घटना आली आहे. तिच्यातील एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ओले धान्य विकण्यास मनाई झाली नाही. ओल झाकण्यास मनाई झाली. त्याचप्रमाणे जुना ट्रक विकणे सर्वस्वी हलाल आहे. वेल्ड केलेली चॅसीसुद्धा दाखवून, सांगून आणि त्यानुसार किंमत ठरवून विकता येते.

“जशी आहे तशी गाडी आहे, पाहून घ्या,” असे सांगितले की आपण मोकळे झालो, असे अनेकांना वाटते. अशा अटीने विक्रेता दोषाच्या दाव्यातून किती मुक्त होतो, यावर फिकहच्या इमामांमध्ये मतभेद आहेत. परंतु तो मतभेद निवाड्याचा आहे. जाणूनबुजून दोष लपवणे हे पाप आहे, याविषयी मतभेद नाही. काझीसमोर सुटलेला माणूस अल्लाहसमोरही सुटला, असे समजण्यास कोणताच आधार नाही. सहीह बुखारी व सहीह मुस्लिममधील हदीसनुसार, खरेदीदार आणि विक्रेता खरे बोलले व त्यांनी सर्व स्पष्ट केले तर त्यांच्या सौद्यात बरकत होते. त्यांनी लपवले व खोटे सांगितले तर ती बरकत पुसली जाते.

तिसऱ्या माणसाचे मौन

विक्रेत्याचे कर्तव्य बहुतेकांना मान्य असते. खरा प्रश्न मिस्त्रीचा, जुन्या चालकाचा आणि शेजाऱ्याचा आहे. सौदा त्यांचा नाही आणि नफाही त्यांचा नाही. मग त्यांनी बोलावेच का?

वासिला बिन अस्कअ (रजि.) या सहाबींची एक घटना हदीसच्या ग्रंथांत आली आहे. एका माणसाने उंटीण विकत घेतली व तो निघाला. वासिला (रजि.) त्याच्या मागे गेले आणि त्यांनी त्याला विचारले, “ही मांसासाठी घेतली की प्रवासासाठी?” प्रवासासाठी, असे उत्तर मिळाले. तेव्हा त्यांनी सांगितले की तिच्या पायाला छिद्र आहे, ती लांबचा प्रवास सोसणार नाही. ठरलेला सौदा बिघडवल्याबद्दल त्यांना विचारणा झाली. त्यावर त्यांनी प्रेषितांची (स.) शिकवण सांगितली. दोष सांगितल्यावाचून वस्तू विकणे वैध नाही, आणि ज्याला तो दोष माहीत आहे त्याने तो न सांगणेही वैध नाही.

या शिकवणीचा दुसरा भाग थेट त्या तिसऱ्या माणसाला लागू होतो. वासिला (रजि.) यांचा पहिला प्रश्नही विचार करण्याजोगा आहे. दोष किती गंभीर आहे, हे वस्तू कशासाठी घेतली यावर ठरते. भंगारात मोडण्यासाठी घेतलेल्या ट्रकचे ब्रेक कमकुवत असले तर फारसे बिघडत नाही. पण उद्या तोच ट्रक माल भरून निघाला आणि कोंडाईबारीच्या उतारावर ब्रेक लागले नाहीत, तर चालकाबरोबर रस्त्यावरील इतरांचेही प्राण धोक्यात येतात. गॅरेजमध्ये गप्प बसलेल्या माणसाला त्यावेळी ‘माझा काय संबंध’ असे म्हणता येईल काय?

ही निंदा नव्हे काय?

“दुसऱ्याच्या पोटावर पाय का द्यावा? पाठीमागे बोलणे ही गीबत आहे,” असे एक कारण पुढे केले जाते. फातिमा बिन्ते कैस (रजि.) यांनी दोन स्थळांविषयी सल्ला विचारला असता प्रेषितांनी (स.) दोघांचीही उणीव त्यांना स्पष्ट सांगितली होती. याच आधारावर इमाम नववी यांनी दोष सांगणे वैध असलेले प्रसंग मोजले आहेत, आणि अजाण माणूस सदोष वस्तू विकत घेताना दिसणे हा त्यांपैकीच एक आहे. गरजेपुरते आणि वस्तूविषयी बोलावे. विक्रेत्याच्या घराण्याचा उद्धार करू नये, एवढी मर्यादा पाळली म्हणजे पुरे. खरेदीदार कोण आहे, यानेही कर्तव्य बदलत नाही. तो आपल्या मोहल्ल्यातील असो, पावरा असो वा गुजर शेतकऱ्याचा मुलगा असो, सूरह अल-माइदाची 8 वी आयत वैर असलेल्यांशीही न्यायाने वागण्याचा आदेश देते. ज्यांच्याशी आपले वैर नाही, त्यांचा हक्क त्याहून मोठा आहे.

खरेदीदाराची बाजू

खरेदीदारावरही जबाबदारी आहे. भोळेपणा म्हणजे तवक्कुल नव्हे. गाडी थंड असताना सुरू करून पाहावी, भरलेल्या वजनाने चालवून पाहावी, चॅसी व इंजिनाचे क्रमांक आरसी पुस्तकाशी ताडून पाहावेत. फिटनेस, परमिट, विमा आणि कर्जाचा बोजा यांची आरटीओत खात्री करावी. नाव बदलणे टाळू नये. मोटार वाहन कायदा, 1988 नुसार राज्यातील विक्रीची माहिती विक्रेत्याने 14 दिवसांत व खरेदीदाराने 30 दिवसांत द्यावयाची असते. नोंदीत ज्याचे नाव राहिले त्याच्यावरच अपघाताच्या भरपाईची जबाबदारी येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे. लिहून ठेवण्याच्या कुरआनी आदेशातील हिकमत येथे सहज समजते. त्याचबरोबर, अडचणीत सापडून गाडी विकणाऱ्याची गरज ओळखून भाव पाडणे हेही मुस्लिमाला शोभत नाही.

शेवटी एका विसंगतीकडे लक्ष वेधावेसे वाटते. व्याज हराम आहे, असे आपण ठामपणे सांगतो, आणि ते सत्यच आहे. पण दोष लपवलेली गाडी महिनाभरात बंद पडली की तो नवा चालक-मालक दुरुस्तीसाठी सावकाराच्याच दारात जातो. त्याला तेथे ढकलण्यात आपल्या मौनाचाही वाटा असतो. जमातीतील सधन व्यक्तींनी अशा कष्टकऱ्यांना कर्जे-हसना द्यावे, आणि जाणकार मिस्त्रींनी त्यांच्यासोबत जाऊन गाडी तपासून द्यावी. यांपैकी दुसऱ्या मदतीला पैसा लागत नाही. तिला केवळ अल्लाहचे भय लागते.

आपल्यापैकी कोणी गॅरेज चालवत असेल, कोणी वाहनांच्या खरेदी-विक्रीत असेल, कोणाचा मुलगा चालक असेल. पुढच्या सौद्यात आपण उपस्थित असाल, तेव्हा आपल्याला जे ठाऊक आहे ते त्या खरेदीदाराची अमानत आहे, हे ध्यानात असू द्यावे. ती अमानत पैसे मोजले जाण्यापूर्वी पोहोचवली पाहिजे. अल्लाह आपणा सर्वांना खरे बोलण्याचे धैर्य देवो आणि आपल्या व्यवहारांत बरकत देवो. आमीन.